खोगीर आणि खोगीरभरती : सायकलच्या बैठकीचा एक सीमाभागीय इतिहास

‘खोगीरभरती’ हा शब्द आज आपण बहुधा माणसांविषयी वापरतो. एखाद्या समितीत, व्यासपीठावर किंवा ग्रंथाच्या पानांत केवळ जागा भरण्यापुरते जे कोंबलेले असते, ती खोगीरभरती. परंतु हा शब्द मुळात घोड्याच्या पाठीवरचा आहे. खोगिरात चिंध्या, काथ्या, लोकर असे हाताला लागेल ते भरीत. बाहेरून खोगीर गुबगुबीत दिसे, पण भरताड वाईट असले की दहा कोसांच्या मजलेत घोड्याची पाठ सोलून निघे आणि स्वाराची मांडही. तात्पर्य, मऊ दिसणारी बैठक आणि सुखाची बैठक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्ञान आपल्या भाषेत पूर्वीपासून मुरलेले आहे. पुढे घोडा गेला, सायकल आली. तिच्यावर लांबचा प्रवास करणाऱ्यांना तेच ज्ञान नव्याने आणि बहुधा दुखऱ्या अंगाने मिळवावे लागले. प्रस्तुत लेखात त्या बैठकीचा, म्हणजे आपण ज्याला सरळ ‘सीट’ म्हणतो त्या वस्तूचा, बेळगाव-निपाणी परिसराच्या संदर्भात मागोवा घेण्याचा विचार आहे.

हा मुलूख घोडेस्वारांचा. पेशवाईच्या अखेरच्या काळात सिद्धोजीराव निपाणकरांसारख्या सरदाराचे ठाणे निपाणीस होते. स्वतःचा घोडा बाळगणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर चाकरी करणारा तो बारगीर, हा भेद त्या काळी सर्वांस ठाऊक होता. घोड्याचे जीन घडविणारी जिनगर मंडळी ही त्या लष्करी व्यवस्थेचाच एक भाग. जीन, खोगीर, रिकीब, मांड हे सारे शब्द ज्या भाषेत नांदत होते, त्या भाषेच्या प्रदेशात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक नवेच वाहन येऊन दाखल झाले. त्यास कोणी बायसिकल म्हणाले, कोणी दुचाकी, कोणी पायगाडी.

बेळगावच्या बाबतीत या आगमनाला एक नेमके साल देता येते, ते 1888. बेळगाव जिल्ह्यातीलच गुर्लहोसूर येथे 1869 साली जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर त्या वेळी मुंबईत होते. चित्रकला शिकण्यासाठी ते जे. जे. कलाशाळेत गेले, परंतु काही रंग ओळखण्यात त्यांच्या दृष्टीचा दोष आड आला. तेव्हा रंग सोडून त्यांनी यंत्रांच्या रेखाचित्रांचा अभ्यास केला आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी धरली. 1888 साली त्यांचे बंधू रामुअण्णा यांच्यासह बेळगावात सायकलचे दुकान निघाले. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवायच्या आणि रामुअण्णांनी त्या बेळगावात विकायच्या, गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे, असा तो व्यवहार होता. पुढे नोकरीत आपल्याला डावलून बढती दुसऱ्यास दिली गेली, हे सहन न होऊन लक्ष्मणराव बेळगावी परतले. कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर ही त्यांची पुढची कामगिरी सर्वविदित आहे. बेळगावातील जागा नगरपालिकेच्या विस्तारात सोडावी लागली, औंधच्या पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानात माळरानाची जमीन दिली आणि 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज शहरात किर्लोस्कर रोड हे नाव तेवढे उरले आहे. महाराष्ट्रातील यंत्रयुगाचा एक मोठा प्रवाह बेळगावच्या सायकलच्या दुकानातून निघाला, ही गोष्ट सीमाभागाच्या अभिमानाची खरी. पण आपण ती उद्योगाच्या इतिहासात सांगतो, सायकलच्या इतिहासात सांगत नाही.

सायकलच्या दृष्टीनेही 1888 हे वर्ष मोक्याचे आहे. 1817 साली जर्मनीच्या कार्ल फॉन ड्राइस याने पायाने जमीन रेटत पळवायची दोन चाकांची लाकडी गाडी काढली. 1860 च्या दशकात पॅरिसमध्ये तिच्या पुढच्या चाकाला पायडल लागले. लोखंडी धावेच्या त्या गाडीला इंग्रज ‘हाडे खिळखिळी करणारी’ असे म्हणत, यावरून तिच्यावरील सुखाची कल्पना यावी. मग उंच चाकाची सायकल आली, आणि 1885 साली जॉन केम्प स्टार्ली याने दोन्ही चाके जवळजवळ सारखी असलेली, साखळीने मागचे चाक फिरवणारी ‘रोव्हर’ बाजारात आणली. आजच्या सायकलीचा सांगाडा तोच. 1888 साली जॉन बॉइड डनलॉप याने हवा भरलेल्या रबरी धावेचे पेटंट घेतले. म्हणजे ज्या वर्षी बेळगावात दुकान उघडले, त्याच वर्षी चाकाखालच्या धक्क्यावर उपाय सापडला. पण चाक आणि स्वार यांच्यामध्ये जी वस्तू होती, तिचे काय?

तिचा शोध आधीच लागला होता आणि तो लावला घोड्याच्या साजाचा धंदा करणाऱ्या एका माणसाने. जॉन बोल्टबी ब्रुक्स याने 1866 साली बर्मिंगहॅम येथे चामड्याच्या सामानाचा व्यवसाय सुरू केला. त्याचा घोडा मेला, नवा घेण्याची ऐपत नव्हती म्हणून त्याने सायकल वापरून पाहिली आणि तिच्या बैठकीने तो इतका त्रासला की सुखाची बैठक करण्याचा त्याने निश्चय केला, अशी कथा सांगितली जाते. कथा खरी असो वा रचलेली, 1882 साली त्याने सायकलच्या बैठकीचे पेटंट घेतले हे मात्र निश्चित. त्याची युक्ती साधी होती. जाड चामड्याचा एक तुकडा पुढच्या टोकाला आणि मागच्या रुंद लोखंडी पट्टीला तांब्याच्या रिव्हेटांनी ताणून बसवायचा, खाली पोकळी ठेवायची आणि तिला लोखंडी सळया किंवा स्प्रिंगांचा आधार द्यायचा. त्यात भरताड काही नाही. माणूस बसतो तो ताणलेल्या झोळीवर. नवी असताना ही बैठक लाकडासारखी कडक लागते. परंतु काही शे किलोमीटर गेल्यावर घाम, ऊब आणि वजन यांनी चामडे जिथे हाडे टेकतात तिथे किंचित खोलगट होते आणि त्या एका माणसाच्या अंगाची होऊन जाते. दुसऱ्याने तिच्यावर बसू नये, असे जुने लोक म्हणत त्याचे कारण हेच. चामडे सैल पडले तर पुढच्या टोकाखालचा नट फिरवून ते पुन्हा ताणता येते. एकोणिसाव्या शतकातील ही रचना आजही लांबच्या प्रवासाला निघणारे अनेक जण निवडतात.

आपल्या भागातील वाचकाला ही गोष्ट नवलाची वाटू नये, कारण चामड्याचा हा गुण आपण पायात वागवीत आलो आहोत. कोल्हापुरी म्हणून जगप्रसिद्ध झालेली चप्पल कोल्हापूर परिसराइतकीच अथणी, निपाणी या बेळगाव जिल्ह्यातील गावांतही घडते. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले चामडे, त्याचा पहिल्या आठवड्यातील करकरीतपणा, टाचेला उठणारे फोड, आणि नंतर पायाचा ठसा घेऊन दहा वर्षे साथ देणारा तळ हे सारे बर्मिंगहॅमच्या बैठकीच्याच जातकुळीचे. वनस्पतीच्या सालीने कमावलेले चामडे आकार घेते आणि तो धरून ठेवते. गुण तोच, उपयोग निराळा. 2019 साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून. 1956 च्या राज्य पुनर्रचनेने आखलेली रेषा आणि 1967 च्या महाजन आयोगाच्या अहवालाने आणखी कडवट झालेला वाद इतक्या वर्षांत मिटला नाही. कातड्याच्या कारागिरीपुरती मात्र दोन्ही राज्यांना एका कागदावर सही करावी लागली.

मग प्रश्न उभा राहतो. जीन घडवणारे जिनगर इथे होते, चामडे कमावणारे आणि शिवणारे कारागीर इथे होते, सायकलचे दुकान 1888 पासून इथे होते. तरी सायकलची बैठक मात्र आगबोटीने का यावी? उत्तर चामड्यात नाही, लोखंडात आहे. बैठकीचे सुख तिच्यावरच्या कातड्यात दिसते, पण ते अवलंबून असते खालच्या सळईच्या आणि स्प्रिंगच्या पोलादावर. एकसारख्या पीळदार स्प्रिंगा हजारोंनी काढणारे कारखाने बर्मिंगहॅमला होते, बेळगावला नव्हते. ही पोकळी लक्ष्मणरावांनी ओळखली होती, म्हणूनच ते पुढे ओतकामाकडे वळले. पण शेतकऱ्याची गरज मोठी असल्याने त्यांनी नांगर निवडला. ती निवड योग्यच होती. जिनगरांच्या हाती मात्र नवे वाहन आले नाही. त्यांतील बरेच जण घोड्याचा काळ संपल्यावर दुसऱ्या कलाकुसरीकडे वळले.

भारतात सायकली बनू लागल्या त्या बऱ्याच उशिरा. मुंबईची हिंद सायकल 1939 ची. स्वातंत्र्यानंतर मद्रासची टी. आय., आसनसोलची सेन-रॅले, सोनपतची ॲटलास आणि 1956 साली लुधियानाची हीरो असे कारखाने निघाले. या काळ्या, उंच, चोवीस किंवा बावीस इंची सायकलींबरोबर चामड्याची, मागे दोन गोल स्प्रिंगा असलेली रुंद सीट आपल्या खेड्यापाड्यांत पोहोचली. तिचे चामडे विलायती सीटइतके जाड नसे. पाचसहा पावसाळ्यांत ते मध्ये खचे आणि लोखंडी पट्टी अंगाला लागू लागे. मग मोची ते उसवून, भिजवून, ताणून पुन्हा ठोकून देई. पुढे रेक्झीन आणि फोम आले, सीटवर मखमली कव्हर आणि गोंडे आले. ही शब्दशः खोगीरभरती. दुकानात बोट दाबून पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला ती पसंत पडे आणि पंधरा किलोमीटरनंतर तो उभ्यानेच पायडल मारू लागे.

या सीटवर बसणारे कोण होते, हे आठवून पाहण्यासारखे आहे. हॅण्डलला आणि कॅरिअरला दुधाच्या किटल्या अडकवून पहाटे निपाणीत येणारे गवळी, तंबाखूच्या वखारीतले कारकून, पोस्टमन, मास्तर, आणि महसूल खात्याचे आमच्यासारखे नोकर. सरकारी नोकरास सायकलीसाठी आगाऊ रक्कम मिळे व ती पगारातून हप्त्याने कापली जाई. म्हणजे हप्ते फिटेपर्यंत आम्ही बारगीर आणि फिटल्यावर शिलेदार. निपाणी तेव्हा चिकोडी तालुक्यात मोडत असे. अकोळ, जत्राट, खडकलाट, गळतगा, कारदगा, सदलगा अशा गावांना पीकपाहणी आणि वसुलीसाठी सायकलने जावे लागे. वेदगंगा-दूधगंगेच्या काठची ही काळी जमीन. उन्हाळ्यात बैलगाडीच्या चाकोऱ्या दगडासारख्या वाळत आणि प्रत्येक चाकोरीचा हिशेब सीटवर द्यावा लागे. एक मुरलेले सहकारी सीटवर घट्ट विणलेल्या घोंगडीची घडी सुतळीने आवळून बांधीत. फोम दबतो, घोंगडी दबत नाही आणि घाम शोषते, असे त्यांचे म्हणणे. ते शास्त्राला धरूनच होते. प्रवासभत्त्याच्या नियमांत सायकलने तोडलेल्या अंतराचा हिशेब असे. अंग किती दुखले याचा रकाना कोणत्याही तक्त्यात नसे. म्हणूनच त्या पिढीच्या श्रमाचा हा भाग दप्तरांत सापडत नाही. तो विचारूनच मिळवावा लागतो.

स्त्रियांची कथा आणखी निराळी. 1890 च्या दशकात युरोप-अमेरिकेत स्त्रिया मोठ्या संख्येने सायकल चालवू लागल्या, तेव्हा बैठकीवरून डॉक्टरांमध्ये बरेच वादंग माजले. त्यातून मध्यभागी पोकळी ठेवलेल्या, दोन हाडांना दोन स्वतंत्र गाद्या देणाऱ्या बैठकी निघाल्या. अमेरिकेतील ‘ख्रिस्टी’ ही त्यांपैकी गाजलेली. चर्चेचा सूर नीतीचा होता, पण तिच्यात एक शारीरिक सत्य दडलेले होते. स्त्रियांच्या कमरेचा सांगाडा सरासरीने रुंद असल्याने बसण्याची दोन हाडे एकमेकींपासून अधिक दूर असतात. पुरुषाच्या मापाची अरुंद बैठक त्या हाडांना आधार न देता नेमक्या नाजूक जागी रुतते. आपल्याकडे बाईने सायकल चालवावी की नाही याचीच चर्चा इतकी वर्षे चालली की, कोणत्या बैठकीवर चालवावी हा प्रश्न निघालाच नाही. कर्नाटक शासनाने 2006-07 पासून आठवीच्या मुलामुलींना सायकली देण्याची योजना काही वर्षे राबवली. सीमाभागातील मराठी शाळांच्या मुलीही तिच्यामुळे वाड्या-वस्त्यांवरून येऊ लागल्या. योजनेचे मोल मोठे आहे. पण सर्वांना एकाच मापाची सीट मिळाली हेही तितकेच खरे.

दूरच्या प्रवासाची परंपरा आपल्या देशात तशी जुनी. 15 ऑक्टोबर 1923 रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेस निघाले. त्यांतील आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे 71,000 किलोमीटर तोडून 1928 च्या मार्चमध्ये परतले. अलीकडे नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र व महेंद्र महाजन यांनी 2015 साली अमेरिका आडवी ओलांडण्याची शर्यत जोडीने पुरी केली, नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती 2017 साली एकट्याने केली. पुण्याची वेदांगी कुलकर्णी हिने 2018 साली विसाव्या वर्षी सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. फ्रेंच पद्धतीच्या ‘ब्रेव्हे’ नावाच्या दीर्घ फेऱ्याही आता देशात सर्वत्र होतात. त्यांत 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 600 किलोमीटर चाळीस तासांत पुरे करावे लागतात. बेळगावाहून वंटमुरीचा घाट, संकेश्वर आणि तवंदीचा घाट करीत निपाणीपर्यंत पहाटे जाणारी तरुण मंडळी महामार्गावर दिसतात. त्यांच्या सायकली हलक्या व महाग आहेत. सीटविषयीचा त्यांचा प्रश्न मात्र आमच्या गवळ्यांचाच आहे.

त्या प्रश्नाचे उत्तर आता पुष्कळ स्पष्ट झाले आहे. माणूस बसतो तो मांसावर नव्हे, कमरेच्या तळाशी असलेल्या दोन हाडांवर. सीटची रुंदी त्या हाडांतील अंतरापेक्षा थोडी अधिक हवी, कमी मुळीच नको. हे अंतर घरी मोजता येते. कठीण स्टुलावर पन्हळी पुठ्ठा ठेवून त्यावर पाय किंचित उचलून घट्ट बसावे. उठल्यावर जे दोन खळगे दिसतात त्यांच्या मध्यबिंदूंमधील अंतर मोजावे व त्यात सुमारे दोन सेंटिमीटर मिळवावेत. दुसरी गोष्ट, कसे बसता यावर सीट ठरते. जुन्या काळ्या सायकलीवर ताठ बसले की सगळे वजन मागे येते, म्हणून तिला रुंद आणि स्प्रिंगांची सीट शोभते; हॅण्डल खाली असलेल्या सायकलीवर वाकून बसले की वजन हात आणि पायांत वाटले जाते, म्हणून तिथे अरुंद सीट चालते. एकीची सीट दुसरीला लावली की दुखणे आलेच. तिसरी गोष्ट, फार मऊ गादीत हाडे बुडतात आणि मधला फुगवटा वर येऊन नसा व रक्तवाहिन्या दाबतो. 1997 च्या सुमारास अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांनी या दाबातून येणाऱ्या बधिरतेकडे जगाचे लक्ष वेधले. त्यानंतर मध्ये खाच असलेल्या सीट सर्रास निघाल्या. बधिरता आली तर ती सहनशक्तीची कसोटी मानू नये. उतरावे आणि सीट बदलावी.

सीट योग्य असूनही ती चुकीची बसवली तर व्यर्थ. टाच पायडलवर ठेवली असता खालच्या टप्प्यात पाय सरळ व्हावा इतकी उंची ठेवावी. त्याहून उंच ठेवल्यास कंबर डावी-उजवीकडे हलते आणि कातडी घासते. सीटचे टोक जमिनीला समांतर असावे. चामड्याची सीट घ्यावयाची तर ती मोठ्या प्रवासाच्या आदल्या दिवशी घेऊ नये. निदान महिनाभर रोज थोडी थोडी चालवून ती मुरू द्यावी. बेळगावच्या पावसात तिच्यावर मेणकापड हवेच, कारण भिजल्या चामड्यावर बसले की ते कायमचे खचते. ज्याच्याकडून एवढी निगा होणार नाही, त्याने पातळ, टणक गादीची आधुनिक सीट घ्यावी आणि जाडी हवी असल्यास ती विजारीत घ्यावी, सीटवर नव्हे.

1960 च्या दशकात इटलीत प्लास्टिकच्या कवचाची सीट निघाल्यापासून चामड्याचा वापर मागे पडत गेला. सोनपतच्या ॲटलासचा साहिबाबाद येथील शेवटचा मोठा कारखाना 3 जून 2020 रोजी, जागतिक सायकलदिनीच, बंद पडला. ब्रुक्सची मालकी 2002 साली एका इटालियन कंपनीकडे गेली, पण चामड्याची सीट अजून बनते आणि भारतात ती मागवायची तर एका साध्या सायकलीच्या किमतीएवढे पैसे पडतात. दुसरीकडे, बाभळीच्या सालीत कमावलेले जाड चामडे आणि ते घडवणारे हात अथणी-निपाणीत आजही आहेत; त्यांच्यापुढे चपलेशिवाय दुसरे काम फारसे नाही. स्प्रिंग आणि सळई आता लुधियानाच्या कारखान्यांतून सहज मिळते. 1888 साली जी अडचण होती ती उरलेली नाही. एखाद्या तंत्रनिकेतनाने आणि एखाद्या चर्मकार सहकारी संस्थेने मनावर घेतले, तर याच मुलखात, याच चामड्याची, स्त्री-पुरुषांच्या वेगवेगळ्या मापांची सीट करून पाहता येईल. तोवर निदान इतके करावे की, ज्या वृद्ध गवळ्यांनी आणि मोच्यांनी या सीटा वापरल्या व दुरुस्त केल्या, त्यांच्याकडून त्यांचे अनुभव आपल्या मंडळाच्या सभासदांनी लिहून घ्यावेत. त्यांतील बहुतेक जण आता ऐंशीच्या घरात आहेत.